आत मार्जिनच उरलं नाही

इंदूरच्या शीतलामाता बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा युनिफॉर्मवाला टेलर बसतो. गेल्या दिवाळीच्या आधी एकच कुर्ता तिसऱ्यांदा सैल करायला घेऊन गेले. त्यानं शिवण उलटी करून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सिस्टर, अब अंदर मार्जिन ही नहीं बचा." पहिल्या वेळी अर्धा इंच सोडला होता, दुसऱ्या वेळी पाऊण. आता आत नुसते ओव्हरलॉकचे दोरे. मग नवीन दोन जोड शिवायला टाकले. माप घेताना कमरेचा आकडा त्यानं मोठ्यानं म्हटला नाही, गुपचूप वहीत लिहिला. माणूस सभ्य आहे.

मी 2003 साली नर्स म्हणून नोकरीला लागले तेव्हा माझं वजन 52 किलो होतं. उंची 154 सेंटिमीटर, तीत अर्थातच काही फरक पडलेला नाही. त्या दिवाळीला वजनकाटा 71 दाखवत होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढला तर जवळजवळ 30. आपल्याकडे 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे मी बरीच पुढे निघून गेले होते. मध्ये एक बाळंतपण झालं, चाळिशी उलटली, हे सगळं मला मान्य आहे. थायरॉइड दोनदा तपासला, नॉर्मल आला. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला की नातेवाइकांचे चेहरे सांगायचे, की बघ, म्हणजे खाण्याचंच आहे.

प्रत्येकाकडे निदान तयार असतं. मोठी नणंद म्हणते, "रात्री काय, बसूनच तर असता तुम्ही!" नवरा म्हणतो, फिरायला जा. डायटिशियन मॅडमनी कागद दिला, त्यावर सकाळी सातला कोमट पाणी, आठला नाश्ता, दुपारी एकला जेवण, रात्री आठच्या आत हलकं जेवण आणि दहाला झोप. मी विचारलं, नाईट ड्यूटी असेल तेव्हा काय करायचं? त्या थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी जमेल तसं करा." महिन्यातले दहा दिवस "त्या दिवशी" असतात, मॅडम.

बसून असण्याचं म्हणाल तर मी एकदा मोबाइल युनिफॉर्मच्या खिशात ठेवून पावलं मोजली. रात्री आठ ते सकाळी आठ, नऊ हजारांच्या वर गेली. आयसीयूत बेशुद्ध पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ऐंशी किलोचा माणूस दोघींनी चादरीसकट ओढायचा. दर तासाला युरिन मोजायची, सक्शन करायचं, पंपाचा दर बघायचा, चार्ट भरायचा. पाचला रक्ताचे नमुने काढायचे, कारण डॉक्टरांच्या राउंडला रिपोर्ट हवेत. म्हणजे बसण्यानं हे वजन वाढलेलं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग कशानं वाढलं, तेच शोधत होते.

माझे वडील मिलमध्ये होते. इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडल्या, त्याआधीची गोष्ट. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बाबांची आठवड्याला पाळी बदलायची. रातपाळी असली की सकाळी सायकलवरून यायचे, आंघोळ करायचे, पोळी-भाजी खाऊन आतल्या खोलीत आडवे व्हायचे. आणि मग त्या दोन खोल्यांच्या घराचा आवाज बंद व्हायचा. आई आम्हा तिघा भावंडांना अंगणात काढायची. भांडी घासायची तर मागच्या ओट्यावर आणि तीही हळू. शेजारच्या काकू दाराशी यायच्या, आतल्या खोलीचा पडदा ओढलेला दिसला की ओठांवर बोट ठेवून परत जायच्या. रेडिओ नाही, भांडण नाही. "बाबांची रात झालीये" एवढं म्हटलं की पुरे. वाड्यातल्या सगळ्या घरांत कुणाची ना कुणाची रात झालेली असायचीच, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

माझी नाईट होते तेव्हा कुकरच्या चार शिट्ट्या होतात.

हे मी रागानं लिहीत नाही, निदान आता तरी नाही. सासूबाईंनी आयुष्यात सकाळी सहानंतर अंथरूण पाहिलं नव्हतं. सून दिवसाउजेडी दार लावून झोपते म्हटल्यावर त्यांना ते आजारपण वाटायचं, नाहीतर मग आळस. पहिली काही वर्षं मीही तसंच मानत होते. आठला सुटायचे, हँडओव्हर देता देता पावणेनऊ, सुदामा नगरला पोचायला सव्वानऊ. मुलाची शाळा, डबा, मशीनमधले कपडे असं करत करत अकराला आडवी व्हायचे आणि तीनला उठायचे, कारण तो शाळेतून यायचा. त्या चार तासांत कुरियरवाला, भाजीवाला, गॅसवाला, देवळाची वर्गणी, आणि बहिणीचा फोन, "झोपली होतीस का? मग नंतर करते." आता जागी झाल्यावर नंतर कशाला?

शिवाय इंदूर आहे. आपलं शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण कचरागाडी सकाळी गाणं वाजवत येते, आणि आमच्या गल्लीत ती नेमकी मी डोळे मिटले की येते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वेगळा. घरात दुसरं कुणी नसेल तर उठून बादल्या नेऊन द्याव्या लागतात. उन्हात उभं राहून कचरा देऊन परत आलं की झोप पळालेली. हे नुसतं माझं रडगाणं नाही, याला शास्त्र आहे. डोळ्यांत सकाळचं ऊन गेलं की मेंदू समजतो, दिवस सुरू झाला. मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, उतरतं, अंगाचं तापमान चढू लागतं. दिवसाची झोप तुटकी आणि आखूड होते ती आपण तशी घेतो म्हणून नाही, शरीर तिच्या विरुद्ध ओढत असतं म्हणून.

शरीराचं घड्याळ म्हणजे उगीच बोलायची पद्धत नाही. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्या जागेच्या थोडं वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तिथं ते असतं. आणि यकृत, स्वादुपिंड, चरबी, सगळ्यांची आपापली लहान घड्याळं असतात. ती पेशींच्या आत कशी चालतात हे फळांवर घोंघावणाऱ्या माश्यांमध्ये शोधणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबाश आणि यंग यांना, 2017 चं नोबेल मिळालं. मोठं घड्याळ उजेडाचं ऐकतं, पण यकृतासारखी लहान घड्याळं जेवणाच्या वेळेचं जास्त ऐकतात. म्हणजे रात्री तीनला खाल्लं की डोकं म्हणतं रात्र आहे आणि यकृताला वाटतं दुपार झाली. नाईटच्या तिसऱ्या दिवशी पोट जे बिघडतं, फुगतं, ते या भांडणातून.

आता रात्रीच्या खाण्याचं सांगते, लपवून काय उपयोग?

एक वाजेपर्यंत काही वाटत नाही, कामच इतकं असतं. दोनला पहिला चहा. साडेतीनच्या सुमाराला एक वेळ येते, ती ज्यानं नाईट केली त्यालाच माहीत. एसीचा गारठा एकदम अंगात शिरतो. रात्रीच्या त्या उत्तरार्धात शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं, म्हणून आम्ही सगळ्या स्वेटर चढवतो. मॉनिटरचा आवाज तोच असतो, पण लांबून आल्यासारखा वाटतो. चार्टवर तीच वेळ दोनदा लिहिली जाते. आणि भूक लागते. ती भूक पोटातली नसते. डाळ-भात समोर ठेवला तर हात लावावासा वाटणार नाही. ती जिभेची आणि हिरड्यांची भूक, काहीतरी कुरकुरीत, तिखट, नाहीतर गोड, आत्ताच्या आत्ता हवं. आमच्या नर्सिंग स्टेशनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये तिची सोय कायम असते. लौंग सेवेचं पाकीट रबर बँड लावलेलं, पार्ले-जी, आणि कुणा पेशंटला आयसीयूतून बाहेर काढलं म्हणून नातेवाइकांनी दिलेला मिठाईचा डबा. मिठाईला नाही म्हणता येत नाही. माणूस वाचल्याचा आनंद असतो त्यांचा. मी कित्येक रात्री बेसन चक्कीचे चार तुकडे उभ्याउभ्या खाल्लेत, हातात पेन तसंच. चव आठवत नाही. मोजले तर तेही नाहीत.

मला वाटायचं हा माझा हावरेपणा. मग वाचलं की शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा निरोगी तरुणांवर एक लहान प्रयोग झाला होता. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं, आणि भूक वाढली ती नेमकी गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. लौंग सेव आणि बेसन चक्की! बारा माणसांच्या प्रयोगावर जग उभं करू नये हे मलाही कळतं. पण माझ्या ड्रॉवरची यादी त्या लोकांनी अमेरिकेत बसून लिहावी, याचं मला इतकं हसू आलं की बाजूच्या सिस्टरनं विचारलं काय झालं.

मग मी स्वतःवर एक उद्योग केला. गेल्या वर्षी माझं एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, 5.9 आलं होतं, म्हणजे मधुमेह नाही पण त्याच्या अंगणात उभी. साखर मोजायच्या स्ट्रिप्स स्वतःच्या पैशांनी आणल्या, वॉर्डच्या वापरल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला दीड वाटी पोहे खाल्ले, शेव-साखर काही न घालता, आणि दोन तासांनी बोट टोचलं. 116. चार दिवसांनी नाईटला घरून त्याच वाटीनं मोजून तेच पोहे नेले, रात्री दोनला खाल्ले, चारला पेशंटची आरबीएस, म्हणजे बोट टोचून साखर, करता करता स्वतःचीही केली. 149. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन्ही केलं. आकडे थोडे इकडे-तिकडे, पण रात्रीचा वरच. पोहे तेच, वाटी तीच, बाई तीच.

एका बाईच्या चार बोटटोचण्या म्हणजे पुरावा नाही. पण कारण पुस्तकात सापडतं. रात्री मेलाटोनिन चढलेलं असताना इन्शुलिन हात आखडता घेतं. शरीराचा हिशेब असा की या वेळी हा प्राणी झोपलेला असणार, याला साखर येणार कुठून? बोस्टनमध्ये 2021 साली एकोणीस निरोगी माणसांना प्रयोगशाळेत नाईट ड्यूटीसारखं जागवलं. काहींना रात्री-दिवसा दोन्ही वेळा खायला दिलं, काहींना जागं ठेवलं पण खाणं फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसाच खाणाऱ्यांची तशी वाढली नाही. जागरण दोघांचंही सारखंच होतं.

हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की यात माझ्या हातात काहीतरी आहे. जागरण माझ्या हातात नाही, रोस्टर तर अजिबात नाही, पण डबा आहे.

आमच्या जातीवर, म्हणजे नर्सच्या जातीवर, अभ्यास पुष्कळ झालाय. अमेरिकेत 1976 साली एक लाखाहून जास्त नर्सेसना प्रश्नावल्या पाठवून एक अभ्यास सुरू झाला, नर्सेस हेल्थ स्टडी. तो मुळात गर्भनिरोधक गोळ्यांचे परिणाम बघायला होता, पण नर्स निवडल्या कारण त्या फॉर्म नीट भरतात. हे वाचून मला अगदी पटलं, चार्ट भरण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. त्याच अभ्यासातून आणि त्याच्या पुढच्या पिढीतून पावणेदोन लाखांहून जास्त बायकांची माहिती घेऊन 2011 साली पाहिलं गेलं, की आलटून-पालटून नाईट करणाऱ्यांना टाइप 2 मधुमेह किती होतो. जितकी वर्षं जास्त, तितका धोका जास्त. वीस वर्षं आणि वर ज्यांनी नाईट केल्या, त्यांच्यात धोका 58 टक्क्यांनी जास्त. पण वाढलेलं वजन हिशेबात धरून ते वेगळं काढलं, की आकडा 24 वर येतो. मी हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. म्हणजे नाईटमधून मधुमेहाकडे जाणारा निम्म्याहून जास्त रस्ता वजनावरूनच जातो. उरलेला वजन न वाढताही जातो. माझी वीस वर्षं झाली.

बाबा मात्र कधी जाड झाले नाहीत, हेही सांगायला हवं. याचा मी खूप विचार केला. मागाजवळ उभं राहून अंगमेहनतीचं काम, जाऊन-येऊन सायकल. रात्रीचा डबा एकच, तो दहाच्या आसपास संपायचा, आणि मध्ये ड्रॉवर नव्हता. शिवाय पाळी आठवडाभर एकच. आणि घर चिडीचूप, त्यामुळे सात तास झोप. ॲसिडिटी होती त्यांना जन्मभर, सोड्याची बाटली उशाशी. पण झोप होती. बाबांच्या त्या झोपेची राखण करणाऱ्या आईनंही वर्षानुवर्षं दिवसा पाठ टेकली नाही, हे तेव्हा कुणी मोजलं नाही. मीही नाही.

रोस्टरबद्दल थोडं बोलते, कारण खरं दुखणं तिथं आहे. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, आणि मी तीन ठिकाणी काम केलंय, तिन्हीकडे उन्नीस-बीस सारखंच. मॉर्निंग आठ ते दोन, ईव्हनिंग दोन ते आठ, नाईट आठ ते आठ. शनिवारी संध्याकाळी बोर्डावर पुढचा आठवडा लागतो. सोमवारी मॉर्निंग, मंगळवारी नाईट, बुधवारी सुटून गुरुवारी मॉर्निंग, शुक्रवारी ईव्हनिंग, शनिवारी परत सकाळी आठला हजर. ईव्हनिंग करून घरी दहा वाजतात, जेवून आवरून बारा, सहाला उठायचं. पण सगळ्यांत जास्त राग येतो तो "नाईट ऑफ" या शब्दाचा. ज्या दिवशी सकाळी आठला तुम्ही बारा तासांची नाईट करून बाहेर पडता, तो अख्खा दिवस तुमची सुट्टी म्हणून लिहिला जातो. सुट्टी! मी त्या दिवशी आठ तास आधीच राबलेय, बाई. मध्यरात्रीपासून तारीख बदललेली असते.

शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, दहा-बारा मिनिटांनी. म्हणून उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं. म्हणूनच पाळ्या मॉर्निंग, मग ईव्हनिंग, मग नाईट अशा पुढे सरकत गेल्या तर कमी त्रास होतो, उलट्या आल्या तर जास्त. दोन ड्यूट्यांमध्ये अकरा तास तरी हवेत. यात हॉस्पिटलचा एक पैसा जास्त जात नाही, तोच स्टाफ, तेच तास. आम्ही नऊ जणींनी सह्या करून अर्ज दिला होता. इन्चार्ज सिस्टर चांगल्या आहेत, स्वतः पंचवीस वर्षं नाईट केलेल्या. त्यांनी अर्ज वर नेला. उत्तर आलं, "विचार करू." पण त्यांनी आपल्या अखत्यारीत एक केलं. आता नाईट सलग तीन लावतात आणि नंतर दोन दिवस मोकळे. ईव्हनिंगनंतर मॉर्निंग शक्यतो टाळतात. "शक्यतो" म्हणजे कुणी रजेवर गेलं नाही तर. महिन्यातून दोनदा कुणीतरी जातंच.

हे माझ्यापेक्षा लहान मुलींसाठी जास्त गरजेचं आहे. आमच्याकडे झाबुआ-धारकडच्या मुली येतात, हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी, चौघींच्या ड्यूट्या वेगळ्या. एकीचा सहाचा अलार्म म्हणजे चौघींचा अलार्म. तेवीस वर्षांची एक पोरगी वर्षभरात सहा किलोंनी वाढली, आणि तिच्या आईला वाटतंय इंदूरचं पाणी मानवलं.

आणि सकाळचे पोहे. नाईट सुटली की आमची पाच-सहा जणींची टोळी थेट पोह्यांच्या ठेल्यावर. वाफेवर ठेवलेले पिवळेधमक पोहे, वरून जीरावण मसाला, शेव, कांदा, लिंबू, आणि सोबत गरम जिलबी. त्या वेळी आयुष्यात याहून चांगलं काही नाही असं वाटतं. रात्रभर जे दाबून ठेवलेलं असतं, कोण गेलं, कुणाची आई दाराशी रडत होती, ते सगळं त्या ठेल्याजवळ बोललं जातं. म्हणून मी ते पूर्ण सोडलं नाही, सोडणारही नाही. तीन नाईटमध्ये एकदा जाते, शेवटच्या दिवशी. जिलबी एक. टोळी हसते, हसू दे.

बाकीचं असं बसवलंय. निघण्यापूर्वी घरी सात-सव्वासातला नीट जेवते, पोळी, भाजी, वरण, दही. अकराच्या आत डब्यातलं थोडं काहीतरी, उसळ किंवा उकडलेलं अंडं. बारा ते सहा शक्यतो खाणं नाही, पाणी पिते. चहा दोनच्या आधी, एकदाच, कारण पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन सकाळी दहाला अंगात तसंच असतं. साडेतीनला फारच झालं तर मूठभर फुटाणे, चावायला वेळ लागतो म्हणून. ड्रॉवर मी रिकामा नाही केला, तो सगळ्यांचा आहे. माझी खुर्ची तेवढी दुसऱ्या बाजूला नेली. संकष्टी नाईटला आली की पंचाईत होते. चंद्रोदय नऊच्या आसपास, तेव्हा मी वॉर्डात. पूर्वी चारला साबुदाण्याची खिचडी आणि मग रात्री मोदक, वर जागरण. आता वॉर्डाच्या जिन्याच्या खिडकीतून चंद्र बघते, हात जोडते आणि सकाळचीच पोळी-भाजी खाते. गणपती समजून घेतो, सासूबाईंना थोडा वेळ लागला.

घरी येताना काळा गॉगल लावते, उन्हाला फसवायला. पण एक इशारा देते. एकदा महू नाक्याच्या सिग्नलला ॲक्टिव्हावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला होता. पाय जमिनीवर होते म्हणून वाचले. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला आणि "मैडम, घर जाके सोओ" म्हणाला. त्या दिवसापासून तिसऱ्या नाईटनंतर गाडी हॉस्पिटलमध्येच ठेवते आणि नवऱ्याला बोलावते. झोप अनावर असेल तर चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं डोकं टेकवून मग निघते.

घरात मुलानं खिडकीला आतून काळा कार्डशीट चिकटवून दिला. मोबाइल बाहेरच्या खोलीत. कचऱ्याच्या बादल्या रात्रीच दाराशी लावून ठेवते आणि त्या द्यायचं काम नवऱ्याचं. कुकर साडेनऊच्या आत, नाहीतर थेट चारनंतर. हा शेवटचा ठराव मंजूर व्हायला दोन महिने लागले. अखेर एकदा दुपारी मी सासूबाईंना बाबांची गोष्ट सांगितली, मिलची, अंगणात काढलेल्या पोरांची. त्या ऐकत होत्या, मेथी निवडत. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरी काकांची रात असायची. आम्ही लगोरी खेळायला लांब जायचो." बस, एवढंच.

अकरा महिन्यांत 71 चं साडेसदुसष्ट झालंय. बीएमआय साडेअठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे पुस्तकाप्रमाणे अजून लठ्ठच. एचबीए1सी 5.7. दिवसाची झोप चारवरून साडेपाच तासांवर गेली. टेलरनं शिवलेले दोन जोड सैल झालेले नाहीत, पण ताणतही नाहीत.

काल तिसरी नाईट झाली. आज सकाळी दहाला झोपले, गाढ, काही कळत नव्हतं. अडीच वाजता बेल वाजली. मला जाग आली नसती. पण सासूबाई दाराशी गेल्या आणि कुरियरवाल्याला हळू आवाजात सांगू लागल्या, "हळू बोल रे भैया, बहू की रात हुई है, सो रही है." सासूबाईंचा हळू आवाज आमच्या गल्लीत तिसऱ्या घरापर्यंत जातो. उठून बसले, हसत होते बराच वेळ, मग हे लिहायला घेतलं.